हाराचा फोटो

भिंतीवरच्या नाथीबाईंच्या फोटोला हार दिसला, म्हणून मी उंबऱ्यातच हात जोडले. तेवढ्यात आतून नाथीबाईच चहा घेऊन आल्या.

"मरायला वेळ आहे रे. हार पुरतो का ते बघत होते."

फोटो मीच काढलेला. बारा वर्षांपूर्वी, मिठागरावर, डोक्यावर मिठाची टोपली असताना. त्याला दोन बक्षिसं मिळाली. परीक्षकांना सुरकुत्या फार आवडल्या होत्या. मी पाठवलेली प्रत नाथीबाईंनी पेणच्या एका स्टुडिओत नेली. तिथल्या माणसाने टोपली पुसली, नाकात नथ घातली, हिरवी पैठणी नेसवली आणि एकही सुरकुती ठेवली नाही. खाली सोनेरी अक्षरांत त्याचं नाव होतं.

फॅशनच्या कामात मीही हेच करतो, फक्त मॉडेल विशीतल्या असतात. तरी मला राग आला.

"मावशी, यात तुम्ही कुठे आहात?"

"मग काय, मेल्यावरपण मीठच वाहत बसू?"

मी चहा प्यायलो.

"तू एवढा देशोदेशी फिरून लोकांचे फोटो काढतोस," त्या म्हणाल्या. "तुझा काढून ठेवलायस का?"

"नाही."

"मग घरच्यांची धावपळ होणार."

परतताना पेणला थांबलो. स्टुडिओवाल्याने मला स्टुलावर बसवलं आणि हनुवटी धरून मान सरळ केली. फोटो काढून झाल्यावर त्याने विचारलं, "सुरकुत्या ठेवायच्या?"

"नको," मी म्हणालो. "आणि अंगात कोट घाला."