पहिली पाहुणी

"पाहुण्यांना दोन वाजता आत घेतात, काकी," दर्शना म्हणाली. "त्याआधी नाही."

प्रेमाकाकींनी हातातली पिशवी जिन्याच्या पायरीवर ठेवली. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. समोरचं दार त्यांच्याच घराचं होतं.

"माझ्या दाराबाहेर मलाच उभं करतेस गो?"

"परक्यासारखी राहीन, असं तुम्हीच म्हणालात ना?"

म्हणाल्या होत्या खऱ्या. कांदिवलीची ही जागा, काकी आपल्या मुलाकडे मुलुंडला गेल्यापासून बंद होती. दोन-चार दिवसांसाठी मुंबईत येणाऱ्या लोकांना ती द्यायची, झाडलोट, चादरी, चावी सगळं आपण बघायचं आणि भाड्यातला वाटा घ्यायचा, असा दर्शनाचा धंदा होता. म्हणजे व्हायचा होता. घाटकोपरच्या हॉटेलातली नोकरी तिने सोडली होती आणि अजून एकाही मालकाने तिला घर दिलेलं नव्हतं. काकींनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. "आधी मी एक दिवस राहून बघते," एवढंच म्हणाल्या होत्या.

दार बंद झालं. काकी खाली उतरल्या आणि फाटकाजवळ, वॉचमन खंडूच्या शेजारी जाऊन बसल्या.

"नाव लिहून घे रे."

"तुमचं कशाला, काकी? मस्करी करता काय?"

"लिही म्हणते ना. पाहुणी आहे मी."

खंडूने वही उघडली. नाव लिहिलं, वेळ लिहिली आणि सवयीने विचारलं, "कोणाकडे आलात?"

काकींनी वहीत डोकावलं. "दर्शनाकडे, असं लिही."

वर आतल्या खोलीच्या खिडकीत उभ्या असलेल्या दर्शनाला हे सगळं ऐकू आलं. तिने गादीवरची चादर तिसऱ्यांदा काढून पुन्हा घातली.

बरोबर दोन वाजता बेल वाजली. दर्शनाने दार उघडलं, "या," म्हणाली आणि पाण्याचा पेला पुढे केला. काकींनी पाणी पिऊन पेला परत दिला आणि घर बघायला सुरुवात केली. पलंगाखाली वाकून पाहिलं. उशीचा वास घेतला. पंखा एकवरून पाचवर नेला, मग परत एकवर आणला. मोरीतला नळ सोडून बघितला. सगळीकडे अशा बघत होत्या, जणू या घरात पहिल्यांदाच आल्या होत्या.

"आणि ह्या कपाटाला कुलूप कशाला?"

"मालकिणीचं सामान आहे त्यात. पाहुण्यांनी उघडायचं नसतं."

काकींनी कुलपावरून बोट फिरवलं. "कशी आहे तुझी मालकीण?"

दर्शनाला हसावं की नाही कळेना. "कडक आहे," ती म्हणाली. "पण घर छान ठेवलंय बाईंनी."

"हं. कडकच बरी."

मग एकदम पदर कमरेला खोचून काकी स्वयंपाकघरात शिरल्या. "चहा टाकते. साखर किती घेतेस तू?" बोलता बोलता त्यांनी न बघताच ओट्याखालचा खण ओढला. चहापत्तीच्या डब्याच्या जागी काटे-चमचे होते. दुसरा खण ओढला. त्यात काडेपेटी, मेणबत्ती आणि डॉक्टरच्या नंबराचा कागद. काकी तशाच उभ्या राहिल्या.

"काकी, तुम्ही बाहेर बसा," दर्शना हळूच म्हणाली. "चहा मी करते. पाहुण्या आहात ना."

काकींनी खण लावला. बाहेर आल्या आणि दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, या खुर्चीत आपण कधी बसलोच नाही. आला-गेला बसायचा तिथे. नवऱ्याचे गिरणीतले दोस्त, गावाहून आलेले दीर, मुलाचे मास्तर. आपण कायम आत.

खुर्चीतून सगळा ओटा दिसत होता. एवढा सरळ दिसत असेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

आत दर्शनाने भांडं गॅसवर ठेवलं. आधण यायला वेळ होता. तिने दोन्ही हातांनी ओटा घट्ट धरला, डोळे मिटले आणि मान खाली घालून उभी राहिली. कोणी बघत नाही असं वाटल्यावर माणूस उभं राहतं तशी. ओठ हलत होते. मग तिने बाहीने डोळे पुसले.

काकी बघत राहिल्या. ओट्याला धरून त्याही अशाच उभ्या राहिल्या होत्या, गिरणी बंद झाली त्या वर्षी, आणि नंतरही कितीदा. मग तोंडावर पाणी मारायचं आणि चहा घेऊन हसत बाहेर यायचं. कोणाला काही कळत नाही असंच त्यांना वाटायचं. चहा घेऊन आलं की पाहुणा खिडकीबाहेर बघत बसलेला असायचा. दर वेळी. एवढं काय बघतात हे लोक, असं त्यांच्या मनात यायचं. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचे पाइप होते, दुसरं काहीच नव्हतं.

आत नळ सुटल्याचा आवाज आला. मग कपांचा.

दर्शना चहा घेऊन हसत बाहेर आली, तेव्हा काकी खिडकीबाहेर बघत होत्या.

"काकी, चहा. काही कमी वाटलं का घरात?"

"स्वयंपाकघराच्या दाराला एक पडदा लाव," काकी पाइपांकडे बघतच म्हणाल्या. "मग येऊ दे कोणाला यायचं ते."