डावा कान

"नीट धर," त्रिंबकआबा म्हणाले. हनुमाननं पुढची मेंढी ओढून त्यांच्या गुडघ्याशी आणली. आबांचे डोळे केव्हाच गेले होते, पण बोटं शाबूत होती. त्यांनी आधी उजवा कान चाचपला, मग डावा.

"दोन्हीकडं खाच. शालूची."

पुढची आली. ती पण शालूचीच. आबांनी तिचा डावा कान पुन्हा चाचपला. "पोरीच्या मेंढ्या लई वाढल्या की रे. तू तर म्हणायचा, तिची कोकरं जगत नायत."

"माझंच ध्यान नव्हतं, आबा," हनुमान म्हणाला. त्यानं पुढची मेंढी ओढून आणली.

देवगाव रंगारीतल्या या घराची जुनी चाल होती. लेकीच्या लग्नात तिला एक मेंढी द्यायची, पण ती ठेवायची बापाच्याच कळपात. पुढं तिची कोकरं, कोकरांची कोकरं, सगळी लेकीची. ओळखू यावी म्हणून तिच्या मेंढीच्या दोन्ही कानांना खाच पाडायची आणि लेकाच्या मेंढीच्या फक्त उजव्या. आबांची नजर गेली तशी कात्री हनुमानच्या हातात आली.

पहिल्या वेळी तो खरंच विसरला. शालूच्या कोकराचा डावा कान राहून गेला आणि कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. पुढच्या वेळी मात्र तो विसरला नव्हता, नुसता थांबला. चोरी म्हणावी तर त्यानं कुणाचं काही उचललं नव्हतं. एक कान कापायचा राहिला, एवढंच. माणूस स्वतःची समजूत किती गोड घालतो बघा! आबांना तो सांगायचा, शालूच्या मेंढ्यांना बरकतच नाही. आबा हळहळायचे.

शालू त्याची धाकटी बहीण. नवरा वारला तशी सोयगावात कापूस वेचून पोट भरत होती. लेक प्रांजली कॉलेजात. यंदा घरमालकानं खोली खाली करायला लावली होती, आता दुसऱ्या खोलीत दोघी कशाबशा राहत होत्या. तरी भाऊबीजेला आली ती दादासाठी करंज्यांचा डबा घेऊन. ओवाळताना म्हणाली, "तू हायेस म्हणून मला म्हायेर हाय, दादा." मेंढ्यांचा शब्द तिनं काढला नाही. कधीच काढत नसे.

त्याच दिवशी आबांनी जाहीर केलं, की आता मृत्युपत्र करायचं. मेंढ्या कानाच्या खुणेप्रमाणं वाटायच्या, आणि कान ते स्वतः मोजणार. जमिनीचं काय, ते मात्र बोलले नाहीत. एकटेच वकिलाकडं जाऊन आले होते म्हणे, शेजाऱ्याच्या जीपनं.

हनुमाननं हातातली करंजी परत डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यानं कात्री काढली. कुठलं कोकरू कुणाच्या पोटचं, ते आता त्यालाही धड आठवत नव्हतं. मग जिथं शंका आली, तिथं डावा कान कातरला. आपलं गेलं तर गेलं, बहिणीचं राहायला नको. महिनाभरात कानांच्या जखमा भरून आल्या आणि बऱ्याच दिवसांनी त्याला सुखाची झोप लागली.

मोजणी संपली. शालूच्या मेंढ्या हनुमानच्यापेक्षा कितीतरी जास्त भरल्या. आबांनी मान हलवली आणि काठी मागितली.

दुपारी आबा, हनुमान आणि सोयगावाहून आलेली शालू असे तिघं संभाजीनगरला पोचले. औरंगपुऱ्यात वकीलसाहेबांचं ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं. हनुमाननं आबांना हाताला धरून जिना चढवला. त्याला आज हलकं हलकं वाटत होतं. शालू पदर सावरत मागच्या खुर्चीत बसली. साक्षीदार म्हणून खालच्या दुकानातले दोघं वर आले.

वकीलसाहेबांनी सगळं समजावून सांगितलं. रस्त्यालगतची दीड एकर जमीन आबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली, तेव्हा ती कुणाला द्यायची हा त्यांचा अधिकार. जिवंत आहेत तोवर मृत्युपत्र कितीदाही बदलता येतं. "मागच्या वेळी सांगितलंत तसंच ठेवायचं ना, आबा?"

"नाय," आबा म्हणाले. "बदलायचं."

ते हनुमानच्या दिशेला वळले. "तुला सांगितलं नव्हतं. जमिनीचा तुकडा पाडायचा नाय, एकालाच द्यायची. शालूच्या मेंढ्या नावालाच उरल्यात असं तू म्हणायचा, म्हणून मी जमीन तिला लिवली व्हती. दोन खोल्या तरी बांधल म्हणलं. पर आज कान चाचपले. तिला भरपूर मिळतंय, तूच मागं राहतुयास. वकीलसाहेब, जमीन हनुमानला लिवा."

हनुमान खुर्चीतून उठला. "आबा, नको," तो म्हणाला. "जमीन शालूलाच राहू द्या. मी पाया पडतो."

"कशापायी?" आबांनी विचारलं.

वकीलसाहेब, दोघं साक्षीदार, शालू, सगळे त्याच्याकडं बघत होते. डावा कान, कात्री, जगलेली कोकरं, सगळं ओठांपर्यंत आलं. तिथंच अडकलं.

"असंच," तो म्हणाला.

"बघितलं, साहेब?" आबांचा आवाज भरून आला. "असा लेक मिळायला नशीब लागतं." वकिलानं नवा कागद तयार करून वाचून दाखवला. आबांनी शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर दाबून धरला.

शालूनं डोळे पुसले, उठून आली आणि भावाचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मेंढ्या तुझ्यापाशीच राहू दे, दादा," ती म्हणाली. "मी नेऊन ठेवू कुठं? मला जागा कुठं हाय?"