बाटली आडवी करायची

शाळेतल्या गुरुजींनी माझं पत्रक हातात घेतलं आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटचं वाक्य लाल पेनानं खोडत गेले. वाक्य एकच होतं: ‘आपण बाटली आडवी करायची.’ गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं की नाही, यावर बायकांचं मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असणार होती. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद.

“एकदा लिहिलं की पुरे, पोरी. वाचणाऱ्याला कंटाळा येतो.”

“माझा नवरा रोज पिऊन येतो, गुरुजी. रोज त्याच शिव्या, रोज तोच मार. त्याला कुणी म्हणालं का, एकदा पुरे?”

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. मी खोडलेली सगळी वाक्यं परत लिहून काढली.

मग गल्लोगल्ली ओट्यावर बसून मी ते पत्रक वाचायचे. निम्म्याला पोचेपर्यंत बायका ते वाक्य माझ्याआधीच म्हणायला लागायच्या, अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा.

मतदानादिवशी दुकानदार रस्त्यातच हाताची घडी घालून उभा राहिला. त्याच्यासमोरून जाताना बायका मान वर करत नव्हत्या, पण ओठ हलत होते. सगळ्यांच्या मागून त्याची स्वतःची बायको आली. तिचेही ओठ हलताना बघून तो खेकसला, “काय पुटपुटतेस गं?”

ती थांबली नाही. तिनं फक्त आवाज वाढवला.