सातवी रांग

फलकावरचं कापड सर्व्हेअरनी चौथ्यांदा नीट केलं, दोन पावलं मागे गेले, आणि पाचव्यांदा नीट करायला पुन्हा पुढे आले.

"ते पळून जाणार नाहीये," केमिस्टबाई म्हणाल्या. त्यांच्या गळ्यात छोटा लाउडस्पीकर होता आणि हातात आजच्या मंडळींची यादी. जुन्या दफनभूमीत लोकांना फिरवून माहिती सांगण्याच्या या फेऱ्या दोघांनी मिळून नऊ वर्षांपूर्वी सुरू केल्या होत्या. महिन्यातला एक रविवार, चोवीस रांगा, दीड तास. पगार नाही, उलट पायात गोळे.

सर्व्हेअर हसले नाहीत. शुक्रवारपासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

शुक्रवारी ते नगरपालिकेच्या तळघरात गेले होते. फलक होता गावच्या जुन्या सुइणीच्या कबरीसाठी; त्यावर घालायला तिच्या मृत्यूची तारीख हवी होती, एवढंच काम. तारीख मिळाली. तिच्यासोबत एक नकाशाही मिळाला, आणि त्यात दफनभूमीचं फाटक भलत्याच बाजूला होतं. रस्ता रुंद झाला तेव्हा जुनं फाटक बुजवून थेट समोरच्या टोकाला नवं केलं, हे कोणाच्या गावीही नव्हतं. नोंदवहीत सुईण होती सातव्या रांगेत, अकराव्या कबरीत. पण रांगा मोजल्या होत्या जुन्या फाटकापासून, आणि यांनी मोजल्या नव्या फाटकापासून. जन्मभर लोकांची हद्दीची भांडणं सोडवलेला माणूस, आणि सुरुवात कुठून करायची हेच विचारायला विसरला.

अर्ध्या गावाची बाळंतपणं केलेली ती सुईण तिकडे अठराव्या रांगेत, झुडपांत पडली होती. नऊ वर्षं लोक जिथे फुलं ठेवत होते, तिथे होता गिरणीचा बॉयलरवाला. कामावर याचा डोळा लागला, बॉयलर फुटला, एकतीस माणसं गेली. तोही गेला. वहीत त्याच्यापुढे शेरा होता, दगडावर नाव घालू नये. आणि ही मंडळी समजत होती, की नाव उन्हापावसाने पुसलं.

चूक सुधारता आली असती. फलक उचलून तिकडे नेला की झालं. घोडं अडलं होतं ते मावशींपाशी.

मावशी चौऱ्याऐंशी वर्षांच्या. पहिल्याच फेरीला आल्या, त्यानंतर एकही चुकवली नाही. मधल्या दिवसांतही बादली आणि ब्रश घेऊन येत आणि सुइणीचा दगड घासून जात. त्याही तिच्याच हातच्या असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. आपले वडील गिरणीच्या स्फोटात गेले, हे त्यांनी एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. फेरी त्या एकतीस कबरींकडे वळली की त्या मागेच थांबत. तिथे बॉयलरवाल्याचा विषय निघे आणि लोक त्याचा उद्धार करत. त्यांना ते सोसत नसणार, म्हणून कोणी आग्रह करत नसे.

आता अशा बाईला सांगायचं, की तुमच्या वडिलांचा जीव घेणाऱ्याचा दगड तुम्ही नऊ वर्षं घासलात.

केमिस्टबाईंचं म्हणणं, आज नको. अनावरण मावशींच्याच हातून होतं, त्यासाठी त्यांनी चपलासुद्धा नव्या घेतल्या होत्या. होऊन जाऊ दे, फलक मग गुपचूप हलवू. सर्व्हेअरना ते पटलं, आणि पाच मिनिटांनी पटेनासं झालं.

फेरीभर त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पहिल्या नगराध्यक्षाला त्यांनी शाळामास्तर केलं आणि खऱ्या मास्तरांना वीस वर्षं आधीच मारलं. एकतीस कबरींपाशी पोचल्यावर एका पाहुण्याने विचारलं, तो बॉयलरवाला कुठे आहे? माहीत नाही, असं सर्व्हेअर म्हणाले. बरंच आहे, पाहुणा म्हणाला, असल्याला कबर तरी कशाला हवी. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

सर्व्हेअरना राहवेना. पुढचं बोलायचं काम केमिस्टबाईंवर सोपवून ते तडक मागे फिरले.

मावशी सातव्या रांगेत, झाकलेल्या फलकाशेजारी बसल्या होत्या. सर्व्हेअरनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. फाटक, नकाशा, शेरा, काहीही राखून ठेवलं नाही. सांगताना त्यांना रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता.

मावशी रडल्या नाहीत. नव्या चपलांकडे बघत बसल्या.

"फलक हलवणार?"

"हलवायला हवा, मावशी."

"मग लोक तिकडेच जातील."

"हो."

"आणि इथे कोण आहे, तेही सांगाल त्यांना?"

सर्व्हेअरना नाही म्हणवेना. ते खाली बसले. "मला माफ करा. तुमच्या वडिलांच्या बाबतीत अशी चूक माझ्या हातून व्हायला नको होती. आधी कळलं असतं तर तुम्हाला या दगडाला हातही लावू दिला नसता."

मावशींनी त्यांचं मनगट धरलं. पकड वयाच्या मानाने घट्ट होती.

"तुम्हाला शुक्रवारी कळलं," त्या म्हणाल्या. "मी सात वर्षांची होते. आई यायला तयार झाली नाही, म्हणून याच जागी बाबांना माती द्यायला मी एकटीच आले होते."