गाणी चालू ठेवा

“गाणी चालू ठेवा. धरणाचा ‘ध’सुद्धा केंद्रावरून जाता कामा नये,” एवढं बोलून माहिती खात्याच्या सचिवांनी फोन आदळला.

रेडिओ केंद्राच्या संचालकबाईंनी रिसीव्हर खाली ठेवला. समोर वार्ताहर उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल. तो थेट धरणावरून आला होता. भिंतीच्या पायथ्याशी पाणी झिरपत होतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. आज ते गढूळ यायला लागलं होतं. “म्हणजे भिंत आतून वाहून चाललीय,” धरणावरच्या इंजिनिअरनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. “वर कळवलंय. हुकूम येत नाही. तुम्ही तरी खालची वस्ती हलवा.”

हुकूम येणार नव्हता. धरणाची उंची नुकतीच वाढवली होती आणि फीत खुद्द मंत्र्यांनी कापली होती.

“मॅडम, बातम्यांची वेळ होत आली,” वार्ताहर म्हणाला.

“बाहेर थांब,” बाई म्हणाल्या.

बाई या केंद्रात निवेदिका म्हणून लागल्या तेव्हा त्यांच्या आवाजाचं कौतुक व्हायचं. पण वर चढल्या त्या आवाजामुळे नव्हे. कोणता शब्द गिळायचा हे त्यांना न सांगता कळायचं. ज्यांना कळलं नाही, ते एकेक करून कुठल्या कुठल्या आडगावी बदलून गेले. एक तर तुरुंगात जाऊन आला. पुन्हा कधी नीट बोललाच नाही. बाई खुर्चीमागून खुर्ची चढत गेल्या आणि प्रत्येक खुर्चीवर भीती त्यांच्या आधी येऊन बसलेली असायची. लोक म्हणायचे, बाईंच्या हातून कधी चूक होत नाही. होणार कशी? तोंडावर बोट ठेवणाऱ्याच्या तोंडून काय चुकणार?

त्यांनी दार लावून घेतलं आणि थोरल्या भावाला फोन लावला. तो नदीकाठच्या वस्तीत राहायचा.

“दादा, वहिनीला घे आणि आत्ताच्या आत्ता टेकडीवर जा.”

“अगं, पण झालंय काय? तुझ्या रेडिओवर तर मस्त गाणी चाललीत.”

“धरणाचं काही खरं नाही. जास्त विचारू नकोस. आणि कुणाला सांगू नकोस, माझ्या गळ्याशी येईल.”

पलीकडे मागे वहिनी कुणाशी तरी हसत बोलत होती.

“बरं,” दादा म्हणाला. “निघतो. पण शेजारचे विचारतील, बॅगा भरून कुठे निघालात? त्यांना काय सांगू? सहलीला चाललोय?”

बाईंनी फोन ठेवला. आपण आत्ताच एक बातमी दिली, फक्त एका घरापुरती, हे त्यांना कळून चुकलं.

त्या उठल्या. बाहेर थांबलेल्या वार्ताहराला घेऊन स्टुडिओत गेल्या. निवेदकानं वार्ताहराचं म्हणणं ऐकलं आणि माइकपासून खुर्ची मागे सरकवली.

“मॅडम, मला लहान मुलं आहेत. मला नका सांगू.”

“ऊठ,” बाई म्हणाल्या. “तू चहाला गेला होतास. तुला काही माहीत नाही.”

त्या खुर्चीत बसल्या. गाणं मध्येच तोडलं. लाल दिवा लागला. आवाज फुटला तो त्यांना स्वतःलाच परका वाटला, चिरका, म्हातारा. धरणाची भिंत आतून खचते आहे, नदीकाठच्या सगळ्यांनी सामान न घेता उंचावर जावं, म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना आधी न्यावं. एवढंच. मग स्वतःचं नाव आणि हुद्दा सांगितला, म्हणजे दुसऱ्या कुणावर शेकायला नको.

काही वेळानं पुलाकडे गेलेल्या वार्ताहराचा तिथून निरोप आला. पूल माणसांनी गच्च भरला होता. कडेवर पोरं, पाठीवर म्हातारी माणसं, सगळे टेकडीच्या वाटेला लागले होते. बाईंना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यांचं सगळं लक्ष दाराकडे होतं. जिन्यावर बूट वाजतील, या धास्तीनं त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.

बूट वाजले नाहीत. फोन वाजला. सचिवांचाच.

बाईंनी डोळे मिटून रिसीव्हर कानाला लावला. “हो, मीच वाचलं,” त्या म्हणाल्या. “बाकी कुणाचा दोष नाही. मला न्यायला कुणाला पाठवायचं ते पाठवा.”

“बाई…” तो आवाज ओळखू येत नव्हता. “माझी आई नदीकाठीच असते. एकटी. सकाळपासून फोन लावतोय, लागतच नाही. दिवसभर तुमचंच केंद्र लावून बसलेली असते हो ती.”

बाईंनी मांडीवरची पर्स खाली ठेवली.

“परत वाचा ना,” सचिव म्हणाले. “जरा मोठ्यानं. तिला कमी ऐकू येतं.”