दुसऱ्या आवृत्तीची पेटी

"चपला भाईर काड बे, आत कॉम्प्युटर हाय!"

अंबाजोगाईच्या अण्णाराव सरांचा हा दम केदारनाथच्या कानात सात वर्षांनीही तसाच होता. क्लासात शिकवणं सगळं फळ्यावर. कॉम्प्युटर काचेपलीकडं, मखमली कापडाखाली, नव्या नवरीसारखा झाकलेला. प्रॅक्टिकलच्या दिवशी नेमकी लाइट जायची.

आता अठ्ठ्याण्णव साली तो नोकरीला होता त्या गेवराईच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्याचा प्रोग्राम बंद पडला. तो दुरुस्त करायला सॉफ्टवेअर बनवायच्या किटची जुनी, दुसरी आवृत्तीच लागत होती, अन् बाजारात तर पाचवी आलेली. सोमवारी कापूस यायचा होता. मालक म्हणाले, "काटा चालला तर तू ऱ्हा, न्हाईतर तुला राम राम."

औरंगाबाद, पुणं पालथं घातलं. दुकानदार नुसते हसले. मग केदारनाथला आठवली सरांच्या कपाटातली त्याच किटची ती पेटी, जिला दर खंडेनवमीला हळदकुंकू लागायचं.

तो तडक अंबाजोगाईला गेला. सवयीनं चपला बाहेर काढल्या. सरांनी बराच वेळ किल्ल्या चाचपल्या, अन् पेटी पुढं ठेवली. दुसरीच आवृत्ती! नोकरी वाचली! पण वरचं कंपनीचं प्लास्टिकसुद्धा फाटलेलं नव्हतं.

"सर, इतक्या वर्षांत ही फोडली काहून न्हाई?"

सर खाली बघत म्हणाले,



"चपला घाल बे केदार. आत कॉम्प्युटर कधी नव्हताच. कापडाखाली टीव्हीचं रिकामं खोकं होतं."