डाळिंबाचा ठसा

गार्गीने चपला काढल्या, पातळ कागदाची गुंडाळी टेबलावर ठेवली आणि मग तिच्या लक्षात आलं, टेबल रिकामं आहे.

"आई, इथलं पुस्तक कुठंय?"

"इकडे ये, गंमत दाखवते," तिच्या सासूबाई, सुचित्राबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की गार्गी धावतच आत गेली.

सिंकशेजारी जुन्या पंच्यावर पुस्तक आडवं पडलं होतं. कपाटात उभं केल्यावर दिसतो तो कणा ओलागच्च आणि काळा झाला होता. बाजूला वाटीत रिठ्याचं फेसाळ पाणी, त्यात जुना टूथब्रश. सुचित्राबाईंच्या पाटल्या त्याच पाण्यातून न्हाऊन निघून फडक्यावर लखलखत होत्या.

"उद्या दसरा ना? पाटल्या धुवायला काढल्याच होत्या. तूच म्हणालीस, ह्याच्यावरचं सोनं खरं आहे. केवढा मळ बसला होता गं! म्हटलं, उद्या सरस्वतीपुढे मांडायचं तर लख्ख करून ठेवू."

त्यांचं तरी काय चुकलं? महिनाभर शेजारच्या देशातल्या जळत्या जंगलांचा धूर सेरंगूनवर, त्यांच्या वस्तीवर, बसून होता. खिडक्या बंद, बाहेर फिरायला जायची सोय नाही. पुण्याहून हौसेने आलेली बाई फ्लॅटमध्ये कोंडली गेली होती आणि सुनेला काहीतरी मदत करायला टपून बसली होती. सोनं मळलं की रिठ्यात घालायचं आणि मऊ ब्रशने घासायचं, हे त्यांना सासरी पहिल्या दसऱ्याला शिकवलं होतं. सोनं बांगडीवर असो नाहीतर पुस्तकावर, त्यांच्या लेखी सोनंच.

पुस्तक फ्रान्समध्ये बांधलेलं होतं, अडीचशे वर्षांपूर्वी. लिम नावाच्या एका वृद्ध गृहस्थांनी ते मोठ्या विश्वासाने गार्गीकडे दिलं होतं, बांधणारा कोण ते शोधायला. त्याने नाव घातलं नव्हतं. त्या काळी बहुतेक जण घालत नसत. पण नाव नसलं तरी हात सापडतो. चामड्यावर सोन्याचा वर्ख ठेवायचा आणि वरून तापवलेला पितळी ठसा दाबायचा, अशी ती रीत. ठसा हाताने कोरलेला, तेव्हा त्याच्यात काहीतरी खोट राहायचीच. ह्या कण्यावर तळाशी नखाएवढं डाळिंब होतं आणि त्याच्या डाव्या पानाला बारीकशी खाच. तशीच खाच असलेलं डाळिंब पॅरिसच्या एका अभ्यासक बाईंना दुसऱ्या पुस्तकावर सापडलं होतं, आणि त्या पुस्तकावर बांधणाऱ्याचं नाव होतं. फक्त फोटोवर विसंबून त्या काही सांगायला तयार नव्हत्या, कारण फोटोत माप फसवतं. डाळिंबावर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकी फिरवा, मुलं नाण्यावर फिरवतात तशी, आणि तो कागद मला पाठवा, असं त्यांनी सकाळीच कळवलं होतं. गार्गी तो कागद आणायलाच गेली होती.

क्षितिजच्या नोकरीपाठोपाठ ती ह्या शहरात आली, तेव्हापासून ती क्षितिजची बायको होती. ग्रंथ दुरुस्त करायचं तिचं शिक्षण लिमना सोडून इथे कुणाला सांगायची वेळच आली नव्हती. डाळिंब जुळलं असतं तर एका विसरलेल्या माणसाला नाव मिळालं असतं. खरं सांगायचं तर तिलाही मिळालं असतं, आणि तिला ते फार हवं होतं.

तिने भिंग आणलं आणि वाकून पाहिलं. जुनं, कोरडं चामडं पाणी पिऊन फुगलं होतं. डाळिंबाच्या जागी गुळगुळीत काळा डाग होता. ना पान, ना खाच.

"वाळलं की येईल वर," सुचित्राबाई म्हणाल्या.

"नाही येणार."

"थोडं खोबरेल लावून बघू का?"

"हात लावू नका, आई!"

ह्या घरात इतक्या मोठ्याने कुणी कधी बोललं नव्हतं. सुचित्राबाईंनी नळ उगाच घट्ट केला.

"पण खरं सोनं असं सुटतं कसं?" त्यांनी विचारलं.

"अंड्याच्या पांढऱ्याने चिकटवतात ते. पाणी लागलं की सुटतं."

"अंडं?" त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. "आणि मी देवीपुढे मांडणार होते."

एरवी दोघी पोट धरून हसल्या असत्या. आता सुचित्राबाई स्टुलावर बसल्या. काहीतरी फार मोठं झालंय, हे त्यांना गार्गीच्या शांत चेहऱ्यावरून कळत होतं. तिने अजून आरडाओरडा केला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"किती सोनं गेलं गं?"

"सोन्याचं काही नाही, आई. ज्याने हे केलं त्याचं नाव कळणार होतं. आता नाही कळणार."

"त्या पॅरिसच्या बाईंना पण नाही?"

"कुणालाच नाही."

"दुसरीकडे कुठे असेल की त्याचं डाळिंब."

"असेल. पण हे पुस्तक त्याचंच, असं म्हणायला आता काही उरलं नाही."

गार्गीने पुस्तक पंच्यासकट उचललं, टेबलावर नेलं आणि शेजारची कागदाची गुंडाळी न सोडताच कपाटात टाकली.

"ते लिम," दारात येऊन सुचित्राबाई म्हणाल्या, "कधी येणारेत?"

"उद्या."

"विचारतील ते."

"विचारतीलच ना."

"तू आपल्यावर घेऊ नकोस. माझं नाव सांग." त्या पदराला हात पुसत राहिल्या. मग रेशनच्या दुकानात सांगतात तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "सुचित्रा दिनकर गद्रे. पूर्ण सांग."

गार्गीने हो म्हणून मान हलवली. त्या पुस्तकासाठी आता दुसरं कुठलंच नाव मिळणार नव्हतं.